शनवारची बाई

रानातली लांब वाट शोधायची असेल तर नकाशा नंतर उघडावा, आधी म्हातारं माणूस गाठावं. दिशा घवाळीचं हे ठाम मत होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. मोबाइलवरच्या फोटोत वरून नुसतं हिरवंगार दिसतं हो. त्या हिरव्याखाली कुठून पाय चालत होते, ते ज्याचे पाय चालले त्यालाच ठाऊक.

दिशा मिरजोळ्याला एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये कामाला होती. वय छत्तीस. लग्नाचं कोणी विचारलं की हिला लगेच चहा करायला उठायचं असे. दर रविवारी सकाळी बारा जणांचा एक कंपू रानातून धावायला निघायचा, त्यात ही. धावणं म्हणजे तरी काय, चढ आला की चालायचं, उतार आला की पळायचं आणि घरी येऊन पायांना तेल चोळायचं. त्या कंपूत रितेश नावाचा एक उत्साही प्राणी होता. तो एकदा तणतणला, "पेट्रोल जाळून घाटावर डोंगर बघायला जातो आपण! अरे, आपली घरं कुठे आहेत? रानातच ना?" झालं. ठरलं, की घराजवळच, सलग झाडीतली, तीस किलोमीटरची वाट शोधायची आणि दसऱ्यानंतरच्या रविवारी ती धावायची. शोधायचं काम अर्थातच दिशाच्या गळ्यात पडलं.

ती नको म्हणाली नाही. कारण ती वाट तिला वेगळ्याच कामासाठी हवी होती, आणि ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

दिशाचं गाव म्हणजे वरची वाडी. गाडीने रत्नागिरीपासून पाऊण तास. वाडीच्या मागे सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं माळरान, सड्यामागे दाट रान, आणि रानापलीकडे लांज्याच्या अंगाची सावरवाडी. तिचे वडील सखाराम लांज्याला काजूच्या कारखान्यात होते. आठवडाभर तिथेच राहायचे आणि शनिवारी दुपारी सुटले की सावरवाडीपर्यंत एसटीने येऊन पुढे रानातून चालत घरी. एसटीने सगळा वळसा घातला तर तीन तास, रानातून दीड. बावीस वर्षं तो माणूस ती वाट चालला. मग बारा वर्षांपूर्वी भाद्रपदातल्या एका शनिवारी तो सावरवाडीच्या थांब्यावर उतरला, हे चार जणांनी पाहिलं, आणि घरी काही पोहोचला नाही.

पंधरा दिवस शोधाशोध झाली. वाट पिंजून काढली, ओढे-पऱ्ये पालथे घातले. काही म्हणजे काही सापडलं नाही. मग लोकांच्या जिभा सुटल्या. "लांज्यात ठेवली असेल एखादी," हे पहिल्यांदा कोण म्हणालं देव जाणे, पण महिनाभरात ते सगळ्या वाडीला ठाऊक असल्यासारखं झालं. दिशाची आई मथुरा पाण्याला गेली की बायका गप्प व्हायच्या. आता या भाद्रपदात बारा वर्षं भरत होती. भावकी म्हणत होती, पळसाच्या पानांचा माणूस करा, त्याला अग्नी द्या, मोकळे व्हा. मथुरा म्हणत होती, "माणूस मेला की पळाला ते आधी सांगा मला. मग काय ती पानं जाळा." ती मंगळसूत्र काढायला तयार नव्हती. आणि दिशाला रात्रंदिवस तेच छळत होतं. बापूस आपल्याला टाकून गेला का? बारा वर्षांत ज्याच्या-त्याच्या पाठमोऱ्या चालण्यात तिने तो शोधला होता.

म्हणून श्रावणातल्या एका सुट्टीच्या शनिवारी ती दुपारी सावरवाडीला उतरली आणि भागोजी बाबाच्या पडवीत जाऊन बसली. भागोजी म्हणजे ऐंशीच्या पुढचा, जन्मभर गुरं चारलेला माणूस. जुनी वाट विचारायला म्हणून ती आली होती.

"कुणाची गो तू?" त्याने आधी तेच विचारलं. कोकणात त्याशिवाय पाणीसुद्धा मिळत नाही.

"वरच्या वाडीची. सखाराम घवाळींची."

म्हाताऱ्याने तोंडातलं पान अंगणात थुंकलं. मग त्याने वाट सांगितली. वडाखाली ओझं टेकायचा दगड लागेल. तिथून जांभ्यात कोरलेल्या पायऱ्या, पायऱ्या संपल्या की देवाची राई. राई ओलांडली की वाट डाव्या अंगाला धरायची, सड्यावर निघते. "उजवीकडे जाव नको," तो म्हणाला. "आनि पाच वाजायच्या आत पल्याड हो. आज शनवार हाय."

"शनिवारचं काय बाबा?"

"शनवारची बाई ओरडते. वानरकड्यात."

दिशाला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. भागोजी सांगत होता, की बारा वर्षं झाली, दर शनिवारी पाचाच्या सुमाराला कड्यातून बाईची हाळी येते. गुराखी तिकडे फिरकत नाहीत. सरपणाची फाटी वेचणाऱ्या बायका पाच वाजायच्या आत खाली उतरतात. एसटी आल्यापासून ती वाट मोडलीच होती, बाईमुळे उरलीसुरली बंद झाली. सावरवाडीचं माणूस वरच्या वाडीला जातच नाही आता.

"पोरी, आजवर कुनाला बोललो नाय मी," म्हातारा एकदम हळू झाला. "पयल्या शनवारी मी राईत व्हतो. धुकं असं, की स्वताचा हात दिसना. बाईनं हाळी दिली. आनि एका बाप्यानं तिला ओ दिली. एकदाच. मंग बाईच ओरडत ऱ्हायली, बाप्या काय बोलला नाय. मी गुरं घेऊन पळालो. शोधायला आले त्यांना म्हटलं, बाईनं नेला. हसले मेले. ओ ऐकली ते मातर सांगितलं नाय. मंग ईचारतील ना, तू का गेलास नाय म्हनून."

दिशा उठली. रागवायचं कोणावर? आता मागे फिरणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

इथे हाळीचं सांगायला हवं. रानात माणसाला नावाने हाक मारायची नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. नाव कोण ऐकेल आणि कोण उचलेल याचा नेम नाही. म्हणून घरोघरची हाळी ठरलेली. नुसता आवाज, शब्द नाही. घवाळींची हाळी म्हणजे दोन लांब आणि एक तोडलेली. कूऽऽऽ, कूऽऽऽ, कू! सखाराम शनिवारी यायचा तेव्हा मथुरा हाळी द्यायची, तो रानातून ओ द्यायचा, आणि मग ती चुलीवर चहाचं आधण ठेवायची. तो गेल्यावरही तिने शनिवार सोडला नाही. पाच वाजले की सड्याच्या टोकाला हत्तीदगडावर उभी राहून ती अजून हाळी द्यायची. पहिल्या वर्षी लोक तिची समजूत काढायचे. मग सवय झाली. वाडीतल्या पोरांना तर ती हाळी म्हणजे शाळेच्या घंटेसारखी.

दिशाने वडाखालचा दगड गाठला तेव्हा चार वाजून गेले होते. वाट मोडली होती, पण होती. पायऱ्यांवर शेवाळ, पण मधोमध खोलगट झिजलेल्या. त्या झिजेत आपल्या बापाचेही पाय आहेत, हे मनात आलं आणि तिने मुद्दाम त्याच खोलगट जागी पाऊल टाकलं. मनगटावरचं घड्याळ वाट नोंदवत होतं. तिने सकाळीच नकाशात अंदाजाने रेघ मारून ठेवली होती, ती सोडली की घड्याळ थरथरायचं.

राईत शिरली आणि पाऊस थांबला. थांबला म्हणण्यापेक्षा धुकं झाला. आधी झाडांचे शेंडे गेले, मग खोड, मग पुढची चार पावलं. बेडकांचा आवाजसुद्धा बंद पडला. मागून कोणीतरी चालतंय असं तिला दोनदा वाटलं आणि दोन्ही वेळा तिने मागे बघितलं नाही. मोठी धीराची पोर, पण त्या वेळी तिने घाबरून चक्क देवाचं नाव घेतलं.

आणि पाच वाजले.

कूऽऽऽ. कूऽऽऽ. कू!

उजवीकडून. वानरकड्यातून. बाईचाच आवाज, घोगरा, ओला. दिशाच्या अंगावर काटा उभा राहिला तो भुताच्या भीतीने नव्हे. दोन लांब, एक तोडलेली. ही त्यांच्या घरची हाळी होती. जगात दुसऱ्या कुणाची नव्हती.

पाय आपोआप वळले. लहानपणापासून त्या हाळीवर घरी आलेले पाय ते, त्यांना काय विचारायचं! "ओऽऽ," असं तोंडातून निघणार, तेवढ्यात मनगट थरथरलं. वाट सोडलीस, म्हणत होतं ते घड्याळ. घर डावीकडे होतं. आवाज उजवीकडे होता. हाळी पुन्हा आली, आणखी जवळून, आणखी ओळखीची, आणि दिशाने आणखी तीन पावलं टाकली. घड्याळ थरथरतच होतं. शेवटी वैतागून ती थांबली आणि समोरचं नेचं काठीने बाजूला केलं.

नेच्यापुढे जमीन नव्हती.

ती मटकन खाली बसली आणि एका मुळाला तिने दोन्ही हातांनी धरून ठेवलं. धुकं जरा हललं तेव्हा दिसलं. पायाशी सरळ तुटलेली घळ, साठ-सत्तर फूट खोल, आणि घळीच्या पलीकडे वानरकड्याची काळी भिंत. सड्याकडून आलेला आवाज त्या भिंतीवर आपटून इकडे येत होता. मधलं रान आणि चढ आडवा, म्हणून खरा आवाज इथे पोहोचतच नव्हता. पोहोचत होता तो फक्त कड्याचा.

बाई कोणी नव्हती. आये होती.

पुन्हा हाळी आली. दिशा दोन्ही कान दाबून ओक्साबोक्शी रडली. बापूस धुक्यात वाट चुकला नव्हता. बायकोची हाळी ऐकून त्याने ओ दिली आणि तो सरळ तिच्याकडे चालत गेला.

दुसऱ्या दिवशी रितेश आणि कंपूतले दोघे दोरखंड घेऊन आले. घळीत वीस फूट खाली कपारीत काही हाडं होती, छत्रीच्या काड्या होत्या आणि एक स्टीलचा डबा होता. पोलीस आले, पंचनामा झाला. डब्याच्या झाकणावर दुकानात मशीनने टोचून घेतलेलं नाव अजून वाचता येत होतं. सौ. मथुरा स. घवाळी.

मथुराने तो डबा पदराने पुसला, मग राखेने घासला आणि उन्हात ठेवला. त्यानंतर तिने जे केलं ते वाडी विसरणार नाही. डबा काखोटीला मारून ती घरोघर गेली. प्रत्येक दारात उभी राहून एकच वाक्य बोलली, "माझा माणूस पळाला नव्हता. घरी येत व्हता." ज्या बायका बारा वर्षं कुजबुजल्या त्यांच्या माना खाली गेल्या. मग तिने स्वतःच्या हाताने मंगळसूत्र काढून दिशाच्या ओंजळीत दिलं. पळसाची पानं लागली नाहीत, हाडांनाच अग्नी दिला. रडली, जेवली आणि बारा वर्षांत पहिल्यांदा दुपारची झोपली.

आता यात दिशाने काय सांगायचं होतं, सांगा बघू? पाय घसरला, एवढंच ती बोलली. पण बाराव्याला भागोजी मोडक्या वाटेने टेकत टेकत आला आणि त्याने शनवारच्या बाईची गोष्ट सगळ्यांपुढे सांगितली. मथुराच्या डोळ्यांत अंगार उतरला. "त्या रांडेनं ओढलान माझ्या माणसाला," ती म्हणाली. तेव्हापासून उठता बसता त्या बाईचा उद्धार सुरू झाला. "तळपट होवो तिचं. जीभ झडो तिची." भात वाढताना, निवडताना, दिवा लावताना. दिशा मान खाली घालून घास गिळायची. आई स्वतःलाच शिव्या देत होती, आणि ते तिला कळू नये म्हणून लेक जिवाचं रान करत होती. हाळी मात्र थांबली होती. आता कोणासाठी द्यायची?

दसऱ्यानंतरचा रविवार उजाडला. सावरवाडीतून सुटायचं, वानरकड्याचं वळण खांबांना दोऱ्या बांधून बंद करायचं, राईतून सड्यावर, वरच्या वाडीला पाणी, आणि पुढे वळसा घालून परत. तीस किलोमीटर, घराजवळ, सलग झाडीतलं. दिशा स्वतः धावली नाही. ती वाडीच्या बेड्यापाशी, म्हणजे दगडी गडग्यातल्या त्या आडव्या दांड्यांच्या फाटकापाशी, आईबरोबर कोकमाचं सरबत घेऊन उभी राहिली. भागोजीही आदल्या दिवशीच गाडीने येऊन गडग्यावर ठाण मांडून बसला होता. धावणाऱ्यांना बघायची त्याला भारी हौस.

सात वाजले आणि सड्यावर धुकं उतरलं. ऑक्टोबरातलं धुकं, दाट, पांढरं. बेड्यापुढचा जांभळीचा बुंधासुद्धा दिसेना.

"पोरं चुकतील गो," मथुरा पदर खोचत म्हणाली. "हत्तीदगडावर जाते, हाळी देते."

"नको!" दिशा ओरडलीच. मग सावरून म्हणाली, "तिथे नको आये. दोऱ्या बांधल्यात. येतील ते."

"दोरी काय दिसते धुक्यात? खुळी काय तू?"

"जाव दे गो तिला," भागोजी म्हणाला. "आता भ्याचं काय नाय. शनवारची बाई गप झाली."

मथुरा थांबली. "गप झाली? कदीपासनं?"

"तुझा माणूस गावला तेव्हापासनं. एक शनवार ओरडली नाय. बारा वरसं चुकली नव्हती, आनि आता बघ."

 मथुराने बेड्याच्या वरच्या दांड्यावर हात ठेवला आणि त्या झिजलेल्या लाकडावरून ती हात फिरवत राहिली.

"पयलं मी हितनंच द्यायचे हाळी," ती सावकाश म्हणाली, जणू तिसऱ्याच कोणाची गोष्ट सांगत होती. "हितं, या बेड्यात उभी राहून. बावीस वर्सं. त्या शनवारी धुकं व्हतं. म्हटलं आज जरा पुढं जाऊ. हत्तीदगडावर चढले. त्याला बरं ऐकू जाईल म्हणून..."

 तिने दिशाकडे बघितलं. दिशाने नजर चुकवली, आणि ती चुकवली म्हणूनच सगळं सांगून झालं.

"तुला ठावं व्हतं," मथुरा म्हणाली.

"आये, तुझी चूक नाही ग. तू तर त्याला—"

मथुराने पदराचा बोळा करून तोंडात कोंबला.  भागोजी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. मग त्यालाही उमगलं असावं, कारण त्याने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

तेवढ्यात सड्यावरून आवाज आला. "ओऽऽ! कोणी आहे का तिकडे?" रितेशचा. मग दुसरा, घाबरलेला, एका मुलीचा. पोरं खरंच चुकली होती. आवाज इकडून तिकडे सरकत होते.

दिशाने हाळी द्यायला तोंड उघडलं, पण घशातून नुसती हवा आली. तिने आईचा खांदा धरला. "आये, हाळी दे. इथनं दे. इथनं बरोबर जाते."

मथुराने मान हलवली. नाही म्हणून. जोरात, पुन्हा पुन्हा.

"आये, पोरं आहेत ग ती."

 मग मथुराने तोंडातला पदर काढला, बेड्याचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि डोळे मिटले.

कूऽऽऽ. कूऽऽऽ. कू!

आवाज फाटला होता, पण गेला. पुन्हा दिली. पुन्हा. सड्यावरची ओ हळूहळू जवळ यायला लागली. आधी रितेश धुक्यातून बाहेर आला, मग ती मुलगी, मग दोघे, मग तिघे. चिखलाने माखलेले, हसत, धापा टाकत. "काकू, तुमच्या आवाजावर आलो बघा!" असं रितेश म्हणाला आणि दिशाने त्याला गप्प राहायची खूण केली. दिशा एकेकाला मोजत होती. अकरावा आला. ती स्वतः बारावी. झाले.

मथुरा हाळी देतच होती.

"आये, बस झालं," दिशा म्हणाली. "आले सगळे."

मथुराने डोळे उघडले नाहीत. दांडाही सोडला नाही.

"एक ऱ्हायलाय," ती म्हणाली, आणि तिने पुन्हा श्वास भरून घेतला.